टेकडी घसरली तेव्हा
थोरली कॉलेजात पहिल्या वर्षाला भूशास्त्र शिकवायची. धाकटी टीव्हीवर हवामान सांगायची. पाहुणे आले की वडील हटकून विचारायचे, "काल धाकटीला पाहिलंत का?" थोरलीच्या खडकांबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. एकदा मामांनी आपणहून विचारलं, पण ते स्वयंपाकाच्या ओट्याला कुठला दगड बसवावा म्हणून!

थोरली वरवर हसायची, आतून जळफळायची. नकाशावर हात फिरवला की झालं, असं मनात म्हणायची. धाकटी खरंच अभ्यासू होती, आणि तेच जास्त झोंबायचं.

एका वर्षी आठवडाभर पावसानं उसंत दिली नाही. मधेच जरा उघडलं, तेव्हा थोरली मुलांना घेऊन कॉलेजमागच्या टेकडीवर गेली. पायवाटेला नवी भेग पडलेली, नितळ झरा गढूळ झालेला. रस्त्यासाठी वरची झाडं गेल्याच वर्षी तोडली होती. खाली घरांची रांग.

"खाली कठीण खडक, मधे चिकणमाती, वर भुसभुशीत माती," ती मुलांना म्हणाली. "मुरलेलं पाणी चिकणमातीवर अडतं. माती धरून ठेवायला मुळं उरली नाहीत. सगळं एकदम खाली येईल."

"कधी, मॅडम?"

ते पावसावर होतं. म्हणजे धाकटीवर! नगरपालिकेतला साहेब नुसतं "बघतो" म्हणाला, तेव्हा तिनं नाइलाजानं बहिणीला फोन लावला.

धाकटीनं सगळं ऐकून घेतलं. "उद्या दुपारनंतर जोरदार आहे गं. ताई, आज संध्याकाळी स्टुडिओत ये. तूच सांग."

हिच्या कार्यक्रमात, हिच्या मेहेरबानीवर? "मला तास आहेत. सांग तूच," म्हणत थोरलीनं फोन ठेवला.

धाकटीनं सांगितलं, आणि फार छान सांगितलं. "ही माहिती माझ्या ताईची," असंही म्हणाली. सकाळी नगरपालिकेनं घरं रिकामी केली. दुपारी टेकडी घसरली. भिंती गेल्या, चुली गाडल्या गेल्या, माणसं मात्र सगळी वाचली.

"तुमच्या बहिणीनं वाचवलं हो आम्हाला!" लोक थोरलीला रस्त्यात थांबवून सांगायचे. वडिलांनी पेढे वाटले. थोरलीनं एक कसाबसा गिळला. आपणच नाही म्हणालो होतो, हे सांगायचं तरी कुणाला?

पाऊस ओसरल्यावर धाकटी आली. "दाखव ना मला, नेमकं कुठून सुटलं?"

थोरलीनं लांबूनच दाखवलं. पोरांना समजावताना घसा बसायचा. हिला एका दमात कळलं. वर तिनं असा प्रश्न विचारला, की थोरलीलाही थांबून विचार करावा लागला.

"पुढच्या वेळी येशील स्टुडिओत?"

"बघू," थोरली तुटकपणे म्हणाली.

घरी आल्यावर मात्र तिनं कपाट उघडलं आणि टीव्हीवर कुठला रंग उठून दिसेल, ते बराच वेळ पाहत राहिली.