थांबारावांची नक्कल

परवान्याच्या कार्यालयात तिला सगळे मैना म्हणत. कुणाचाही आवाज एकदा कानावरून गेला की तो तिच्या गळ्यात मुक्कामालाच येई. साहेबांचं खाकरणं, शिपायाचं कण्हणं, खिडकीवर भांडणाऱ्या म्हातारीचे बोबडे शाप, सगळं हुबेहूब. अशी माणसं रंगभूमीला हवी असतात. तिथं त्यांच्या गुणाचं सोनं होतं आणि कुणाचं फारसं वाईटही होत नाही. पण मैनेला रंगमंच मिळाला नाही, टेबल मिळालं.

चौघी बहिणींत ती शेंडेफळ, पण नकोशी. लहानपणी एकदा तिनं लंगड्या आत्याची चाल करून दाखवली. घरभर हसू फुटलं आणि वडिलांनी पहिल्यांदाच तिला उचलून खांद्यावर घेतलं. त्यानंतर आत्या माहेरी कधी जेवायला थांबली नाही. मैनेला आत्याचा चेहरा आठवत नाही, तो खांदा आठवतो. पुढं नवरा मिळाला तोही जन्मात न हसणारा. मग तिची सगळी भूक कार्यालयात भागायची.

तिथं एक तात्पुरता तंत्रज्ञ आला. पन्नाशीचा, काखेत पिशवी, बोलणं गोगलगाईच्या चालीचं. प्रत्येक संगणकाचं फर्मवेअर तपासायचं आणि जुनं निघालं तर नवं घालायचं, हे त्याचं काम.

"म्हणजे नक्की काय करता हो?" मैनेनं विचारलं.

"ताई, बटण दाबलं की संगणकात सगळ्यात आधी जो प्रोग्रॅम जागा होतो ना, तो. बाकीच्यांना तोच उठवतो. त्याच्यात फट राहिली आणि चोर शिरला, तर वरचं सगळं पुसून काढा, हा तळघरात बसूनच. फट बुजवायला कंपनी अपडेट काढते. पण लोक घेत नाहीत. चालतंय ना, म्हणतात."

"आणि घेताना काय करायचं?"

"काही नाही. थांबायचं. मधे पडदा काळा होतो, मेला असं वाटतं. मेलेला नसतो. पण नेमका तेव्हा बंद केला, तर मात्र खरंच मरतो."

दर टेबलापाशी तो दोन्ही तळवे पुढं करून म्हणे, "थांबा, हात लावू नका," जसा काही उधळलेला बैल अडवतोय. दुपारपर्यंत त्याचे थांबाराव झाले. संध्याकाळपर्यंत मैनेची नक्कल बसली.

थांबारावांना ते कळलं होतं. "हसू द्या, तेवढंच," म्हणाले. उलट मैनेशीच ते मोकळेपणानं बोलत. भावाकडे राहत होते, पाहुणे आले की वहिनी त्यांची गादी गॅलरीत टाकत. हे काम धड पार पडलं तर साहेब त्यांना कायम करणार होते. मग स्वतःची एक खोली घेणार होते. मैना मान हलवत ऐके, आणि दुसऱ्या दिवशी ती गादी, ती गॅलरी, वहिनींचा नाकातला स्वर, सगळं नकलेत हजर.

शेवटी राहिला मुख्य संगणक. सगळ्या खिडक्या त्याच्यावर चालत. थांबारावांनी अपडेट सुरू केलं, पडदा काळा झाला, आणि फोन वाजला.

"इकडे या. आत्ताच्या आत्ता." साहेबांचा आवाज.

फोन मैनेनं शेजारच्या खोलीतून केला होता. ती आत आली तेव्हा थांबाराव घाईघाईनं उठत होते. "ताई, साहेब बोलावतायत. जरा इथं बसा. कुणाला हात लावू देऊ नका."

ते वळताच मैना त्यांच्या खुर्चीत बसली, तळवे पुढं केले. खोली हसली. तिनं बोट बटणापाशी नेलं, मागं घेतलं, पुन्हा नेलं. हसू ओसरायला लागलं. ओसरणारं हसू काय असतं, ते ज्याच्या वाट्याला आलंय त्यालाच ठाऊक.

"नुसतंच काय? दाब की," मागून कुणीतरी म्हणालं.

तिनं दाबलं, दाबून धरलं. संगणकातल्या पंख्याची घरघर थांबली. हसू मात्र छताला जाऊन भिडलं.

न बोलावता आत गेल्याबद्दल साहेबांची बोलणी खाऊन थांबाराव परतले. मशीन बघून त्यांचा चेहरा उतरला. "कुणी हात लावला?"

सगळे कामात बुडालेले.

"मी जागची हलले नाही बाई," मैना म्हणाली. "आपोआपच बंद पडला."

संगणक काही केल्या उठेना. खिडक्या बंद, बाहेर रांगेची आरडाओरड. साहेबांनी कागदावर निष्काळजीपणा असं लिहिलं आणि शनिवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं. असा शेरा घेऊन फिरणाऱ्याला दुसरं कुणी दारात उभं करत नाही.

थांबारावांनी मैनेला जिन्यात गाठलं. "ताई, कुणाचं नाव घेऊ नका. तो बंद झाला तेव्हा मी खोलीत नव्हतो, एवढं एकच वाक्य साहेबांना सांगा. तुमचं ऐकतात ते."

"बघते," मैना म्हणाली.

शुक्रवारी निरोपाचा चहा झाला. साहेबांचा राग निवळला होता. "मैनाबाई, जाता जाता यांची ती नक्कल होऊन जाऊ द्या. काय हो, तुमची हरकत नाही ना?"

थांबारावांनी मान हलवली. नजर मैनेवर होती.

ती उभी राहिली. बटण कुणी दाबलं ते साहेब सोडून सगळ्यांनाच ठाऊक होतं. मैनेनं खरंच ते वाक्य जुळवून ठेवलं होतं, ओठांपर्यंत आलंही. पण समोर सगळे चेहरे आपल्याकडेच वळलेले पाहिले आणि तिचे तळवे आपसूक पुढं झाले. थांबा, हात लावू नका. हसू आलं. गादी झाली, गॅलरी झाली. हसू वाढलं. मग तिनं नवाच प्रवेश काढला, जिन्यातला. खांदे पाडले, हात जोडले, आवाज कापरा केला. "ताई, एवढं एकच वाक्य साहेबांना सांगा."

साहेबांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. "अहो, कुठलं वाक्य?"

मैनेनं थांबारावांसारखी मान खाली घातली, पिशवी चाचपली.

"तेच विसरलो, साहेब."

असं हसू त्या कार्यालयानं कधी ऐकलं नव्हतं. त्या गदारोळात थांबारावांनी कप धुऊन जागेवर ठेवला, पिशवी काखेत मारली आणि ते निघाले. दार शिपायानं लावून घेतलं, बाहेरच्या रांगेला आवाज जात होता म्हणून.

"पुन्हा एकदा," साहेब म्हणाले. मैनेनं पुन्हा हात जोडले.