बोट कशानं दाबसान?

त्या मंगळवारी क्लासमधली फूटपट्टी सापडली नाही.

धरमपेठेतल्या एका घराच्या पुढच्या खोलीत गिटारचा क्लास चालायचा. मी मॅट्रिकला होते. इंदोऱ्याच्या वस्तीतून सायकलने जायचे. क्लासमध्ये पाच मुलगे आणि मी एकटी मुलगी. कोणाचं बोट तारेवर चुकीच्या जागी पडलं की मास्तर ते आपल्या हाताने उचलायचे, नीट ठेवायचे, वरून दाबायचे. माझं बोट चुकलं की फूटपट्टी घ्यायचे. पट्टीच्या टोकाने ते सरकवायचे.

मला ती सभ्यता वाटली होती. मुलगी आहे, म्हणून हात लावत नाहीत. मी आईला कौतुकाने सांगितलं. आई विड्या वळत होती. म्हणाली, "बरा मानूस हाय वं. चांगल्या घरचा दिसते."

मी मंगळवारची वाट पाहायचे. हे लिहिताना आजही लाज वाटते.

त्या मंगळवारी एक नवी मुलगी आली. वकिलाची. माझ्याच वयाची. मास्तर तिच्या शेजारी बसले. तिचं बोट धरलं. तारेवर ठेवलं. वरून आपलं बोट दाबलं. म्हणाले, "दुखेल थोडं. घट्टे पडले की दुखत नाही."

मी पाहत राहिले.

माझी पाळी आली. माझं तिसरं बोट घसरलं. मास्तरांचा हात पट्टीकडे गेला. पट्टी नव्हती. त्यांनी टेबलाखाली पाहिलं. मुलांना विचारलं. मग उठून दाराशी गेले, खराट्यातली एक काडी उपसली आणि ती घेऊन माझ्यासमोर बसले.

"बोट पुढे कर."

मी बोट तारेवरून काढून घेतलं. म्हटलं, "सर, हातानं दाबा."

कोणी तार छेडेना.

"क्लासात बसू दिलं, ते पुरे नाही का?" मास्तर म्हणाले.

मागून एक जण बोलला, "सर, हिले बँडवाल्याकडे पाठवा नं. तिथं हिचेच लोक हायेत." सगळे हसले. नवी मुलगीही हसली. मग खाली बघायला लागली.

"तुला शिकायचं आहे की नाही?"

"शिकायचं आहे," मी म्हटलं. "काडीनं नाही."

गिटार क्लासचीच होती. खुर्चीवर ठेवली. निघाले. सायकलचं कुलूप बराच वेळ उघडेना.

आईला सांगितलं. तिने विड्यांचं सूप बाजूला सारलं. तेंदूपत्त्याने काळपट पडलेल्या हातात माझी बोटं घेतली. एकेक करून पाहिली.

"मलेच कसं नाई समजलं?" ती म्हणाली. आणि बोटं न सोडता, "तू पोटात होती तवा म्या दीक्षा घेतली. काडी लावून घ्याले नाई."

मी म्हटलं, आता पुस्तकावरून शिकते.

"पुस्तक काय बोट धरते काय?"

आठवड्याने आम्ही अजनीच्या रेल्वे कॉलनीत गेलो. तिथे एक निवृत्त गार्ड व्हरांड्यात गिटार शिकवायचे. आईने फी विचारली नाही. वेळ विचारली नाही.

"साहेब, पोरीचं बोट चुकलं तर कशानं दाबसान?"

त्यांना प्रश्न कळला नाही. "किससे मतलब? हाथ से, और किससे?"

"मंग बस वं," आई मला म्हणाली.

त्यांनी माझं बोट धरलं आणि दाबलं. तार आत रुतली. डोळ्यांत पाणी आलं. मी बोट काढलं नाही. आई पायरीवर बसून शेवटपर्यंत माझ्या हाताकडे पाहत होती. सुरांकडे तिचं लक्ष नव्हतं.

आई जाऊन चार महिने झाले. शेवटच्या दिवशी तिची बोटं माझ्या हातात होती. विड्या वळून नखं झिजलेली. माझ्या घट्ट्यांना ती बोटं किती गरम आहेत हे नीट कळत नव्हतं, म्हणून मी ती गालाला लावली.

मी आता घरीच गिटार शिकवते. नवं मूल आलं की त्याच्या आईबापाला माझं पूर्ण नाव सांगते. वस्ती सांगते. आणि सांगते की चुकलेलं बोट मी हाताने दाबते. काहींना तेवढ्यात दुसरं काम आठवतं. त्यांना मी थांबवत नाही. समजावत नाही. पट्टी तर घेणारच नाही.

यंदा तिघे आले तसे परत गेले. चार शिकत आहेत.