पंधरा डॉलरची खुर्ची

व्रताचं उद्यापन करता येतं, किश्श्यांचं येत नाही. ते साठतच जातात, फराळाच्या डब्यात तळाशी चकलीचे तुकडे साठतात तसे.

हे किस्से साठायला लागले तेही एका व्रतामुळेच. ह्यांची इथली रेसिडेन्सी, म्हणजे कायम राहायची परवानगी, अडली होती तेव्हा मी बोलले होते, काम झालं तर वर्षभर कुणी बोलावलं की 'नाही' म्हणणार नाही. रेसिडेन्सी आली. वर्ष सुरू झालं आणि दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या मेरेनं कुंपणावरून माओरी नमस्कार करत हाक मारली, "किया ओरा, नीला. रविवारी दुपारी पोकर खेळायला येतेस?"

व्रत म्हणजे व्रत. गेले.

वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल भागातल्या एका छोट्या क्लबात महिन्यातून एकदा ही स्पर्धा असते. बारा-चौदा माणसं असतात. प्रवेश साठ डॉलर. त्यातले पंधरा क्लब ठेवतो, हॉल, हीटर, चहा-बिस्किटांसाठी. उरलेल्यांतून बक्षीस. ही पंधरा डॉलरची फी म्हणजे आमच्या घरातला वादाचा विषय. हे म्हणतात, "पहिला पत्ता पडायच्या आधीच पाव पैसे गेले. कोण शहाणा माणूस खेळेल?"

मी खेळते. हरले तर त्या दिवशी पुन्हा पैसे भरून बसायचं नाही, हा माझा नेम.

*

पहिल्या रविवारी संकष्टी निघाली. चहाच्या वेळी मेरेनं सॉसेज रोल पुढे केले. मी म्हटलं, "आज उपास. चंद्र उगवल्याशिवाय जेवत नाही."

शेजारी ब्रूस बसला होता. निवृत्त प्लंबर, वय शहात्तर, बोलणं पाइपासारखं सरळ. तो म्हणाला, "चंद्र दिसलाच नाही तर?"

"वेळ पंचांगात बघायची."

"म्हणजे चंद्रावर पण तुझा विश्वास नाही," ब्रूस म्हणाला, आणि माझ्या वाटणीचा रोल खाऊन टाकला.

*

मग चातुर्मास आला. माझा नेम होता, चार महिने खोटं बोलायचं नाही. आणि पोकरमध्ये तर हातात काही नसताना खूप काही असल्याचं दाखवावं लागतं. रिकार्टनला आमच्या ओळखीचे गुरुजी राहतात, त्यांना फोन लावला. "गुरुजी, पत्त्यांत थाप मारली तर व्रत मोडतं का?"

गुरुजी म्हणाले, "वहिनी, समोरच्यानं विश्वास ठेवला का?"

"नाही ठेवला."

"मग कसलं पाप? फुकट गेलं."

पण माझं मन मानेना. मी टेबलावर सांगूनच टाकलं की कार्तिकी एकादशीपर्यंत माझ्याकडे असेल तरच मी पैसे लावणार. झालं. मी पैशांच्या जागी असतात त्या चिप्स पुढे सरकवल्या की सगळे पत्ते टाकून मोकळे. चार महिन्यांत एक मोठा डाव मिळाला नाही. मेरे म्हणायची, "वेलिंग्टनमधली सगळ्यात प्रामाणिक बाई, आणि सगळ्यात वाईट खेळाडू."

एकादशी झाली. त्यानंतरच्या रविवारी माझ्या हातात दगड होते, तरी मी सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. सगळ्यांनी आदरानं पत्ते टाकले. व्रत सुटलं का, असं कुणी विचारलं नव्हतं.

*

आता आमचे मंदारभावजी. ह्यांच्या ऑफिसातले, डेटाचं काम करतात. आमच्याकडे पॉटलकला, प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, आले ते लॅपटॉप घेऊन. टीव्हीवर मोठा तक्ता लावला आणि म्हणाले, "वहिनी, फी इतकी जास्त आणि माणसं इतकी कमी, की जगातला चांगला खेळाडू आणून बसवला तरी तो इथे जेमतेम तग धरेल."

"मग मी हरते यात माझी काही चूक नाही," मी म्हटलं.

सगळे हसले, पण भावजी चिकाटीचे. "अहो, पण वर्थ आहे का?"

"तुम्ही मागच्या उन्हाळ्यात क्वीन्सटाउनला पायाला दोरी बांधून पुलावरून उडी मारलीत. हातात काय आलं?"

"अनुभव."

"मला तो पंधरा डॉलरमध्ये मिळतो. वर चहा. आणि तोही सरळ बसून."

आमची लेक इरा कोपऱ्यातून म्हणाली, "मंदारकाका, यू आर आउट."

*

हे मात्र हसले नाहीत. सगळे गेल्यावर भांडी पुसताना म्हणाले, "नीला, एकदा मी येऊन बघतो. मला पटलं नाही तर हे बंद करू."

मी म्हटलं, "जरूर या. पटलं नाही तर तुम्ही पुन्हा येऊ नका. मी जाईन."

बोलले खरं, पण धुतलेलंच पातेलं पुन्हा धुवायला घेतलं. चोवीस वर्षांच्या संसारात असं कधी बोलले नव्हते. मला भांडून जायचं नव्हतं, आणि जाणं तर सोडायचंच नव्हतं. भारतातून आल्यापासून मी कुणाची आई आणि कुणाची मिसेस होते. त्या हिरव्या टेबलाशी एक खुर्ची होती, तिथे बसलेली बाई नुसती नीला होती. तक्त्यात तिला रकाना नव्हता.

*

तो रविवार. मेरेनं ह्यांना माझ्या मागे खुर्ची दिली आणि नियम सांगितला, "मागे बसणाऱ्यानं बोलायचं नाही."

हे हाताची घडी घालून, ऑडिटला आल्यासारखे बसले.

तास-दीड तासानं मी आणि ब्रूस समोरासमोर आलो. माझ्या हातात दोन दुर्र्या. टेबलावरच्या सगळ्यांच्या सामाईक पत्त्यांत तिसरी दुर्री आणि दोन नव्व्या उघड पडलेल्या. तीन दुर्र्या, दोन नव्व्या, म्हणजे फुल हाउस. याहून मोठा हात क्वचितच लागतो. मी शांतपणे सगळ्या चिप्स पुढे केल्या.

ब्रूस माझ्याकडे बघत होता. मी स्तोत्र म्हणत होते मनात, त्यामुळे चेहऱ्यावर काही नव्हतं. मग त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली.

मागे हे. लहानात लहान दुर्र्या बघून चेहरा पांढरा पडलेला. रुमालानं कपाळ पुसत होते. एकदा छताकडे बघितलं, एकदा दाराकडे.

ब्रूस गालात हसला. "सॉरी, नीला," म्हणाला, आणि होतं नव्हतं ते सगळं आत ढकललं.

पत्ते उघडले तेव्हा त्याच्याकडे टेबलावरच्या धरून तीन नव्व्या होत्या, फुल हाउसपुढे कमीच. त्यानं माझ्या दुर्र्यांकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. "मेट," म्हणाला, "तू कमाल आहेस."

घरी जाताना हे सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "पुढच्या महिन्यात येईन मी. त्याआधी कोणता हात मोठा, कोणता लहान, ते जरा समजावून सांग."

मी म्हटलं, "घरी दूध आहे का हो? डेअरीपाशी थांबवा."

तुमच्याही गावात असा क्लब असेल. फी जास्त आहे, ते खरं, तरी जा. घरच्या हिशोबी माणसाला मागे खुर्ची द्या. आणि त्यांनी खेळ शिकव म्हटलं, की तुम्हीही दुधाचं विचारा.