हॉलच्या फरशीवर लेतिसिया

माझा नवरा फेब्रुवारीत गेला. मे महिन्यात इंग्लंडमधल्या लेस्टरच्या आमच्या मराठी मंडळात त्याचं भाषण ठरलेलं होतं. विषय लेतिसिया, ॲमेझॉनच्या काठावरचं कोलंबियाचं गाव, तीन देशांच्या कोपऱ्यात वसलेलं. आम्ही तिथे कधी गेलो नाही. पण निपाणीत वाढलेल्या या डॉक्टरला सीमेवरच्या गावांचं वेड होतं. निवृत्तीनंतर तो त्यांच्याबद्दलच वाचत बसायचा.

अध्यक्षांचा फोन आला. भाषणाऐवजी श्रद्धांजली ठेवू, फोटोला हार, दोन मिनिटं मौन, असं त्यांनी हळुवारपणे सुचवलं. मी म्हटलं, भाषण होईल, मी करीन.

"वहिनी, झेपेल का तुम्हाला?"

"नाही झेपलं तर मध्येच थांबेन. हार मात्र आणू नका."

नकाशा पडद्यावर दाखवता आला असता. मला तो जमिनीवर हवा होता. दिवाळीचे उरलेले रंग घेऊन मी हॉलवर लवकर गेले आणि फरशीवर बसले. निळी नदी, पिवळा कोलंबिया, हिरवा ब्राझील, नदीपलीकडे तांबडा पेरू. मंडळातल्या सर्वांत वडील काकू आल्या आणि थबकल्या.

"अगं, वर्ष झालं नाही अजून. दारात रांगोळी काढतात का?"

"हे दार नाही, काकू. दक्षिण अमेरिका आहे."

त्या पुढच्या रांगेत जाऊन बसल्या.

मी सांगत गेले. लेतिसिया वसवलं पेरूने. पुढे एका तहात ते कोलंबियाला दिलं गेलं. पेरूच्या काही लोकांनी ते परत बळकावलं, लढाई झाली, राष्ट्रसंघाने काही काळ कारभार पाहिला आणि गाव पुन्हा कोलंबियाकडे आलं. तिथून उरलेल्या कोलंबियात जायला रस्ता नाही, विमान किंवा नदी. ब्राझीलचं ताबातिंगा मात्र शेजारीच. चालत राहिलं की पाट्या स्पॅनिशच्या पोर्तुगीज होतात, एवढंच. नदी पात्र बदलते, नवी बेटं वर येतात, आणि ती कोणाची यावर सरकारं अजून भांडतात.

मग निपाणीचं नाव घेतलं आणि माझा आवाज गेला. अध्यक्ष पाण्याचा ग्लास घेऊन उठले, पण रांगोळीच्या काठाशी अडले. पाय कुठे ठेवावा त्यांना कळेना. सगळे माझ्याकडे बघत होते. आता मौन सुरू होणार, असं वाटून मला रागच आला.

"या ना सरळ. तिथे फाटक नाही."

ते आले. त्यांच्या मोज्यांबरोबर पिवळा रंग हिरव्यात गेला. मी पाणी प्यायले आणि निपाणीपासून पुन्हा सुरुवात केली.

शेवटी अध्यक्षांनी हळूच घड्याळाकडे पाहिलं. मी विचारलं, कोणाला काही प्रश्न?

काकूंनी हात वर केला. "तिथली माणसं मुली कुठल्या देशात देतात गं?"

तो असता तर त्याला माहीत असतं. मला नव्हतं.

"वाचून सांगते," मी म्हटलं.