अंगठ्याएवढा गुंड

ऐंशीनंतरची ती काही वर्षं चामोर्शीत लग्न कुणाचंही असो, रुखवत माझ्याच गळ्यात पडायचं. हात चांगला आहे म्हणून बायका कौतुक करायच्या आणि ओली माती ठेवून जायच्या. अंगठ्याएवढी भांडी घडवायची, वाळवायची, रंगवायची, मांडवातल्या टेबलावर मांडायची. दुसऱ्यांचे संसार मांडून मांडून मी कंटाळून गेले होते. "आता तुझा नंबर कधी?" हे त्या टेबलापाशी कोणी ना कोणी विचारायचंच.

मग धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, माझ्याआधी. तिचंही रुखवत अर्थातच मी करायचं होतं.

आई जाऊन चार वर्षं झाली होती. तिचा पाण्याचा पितळी गुंड चुलीजवळ असायचा, पोटाला पोचा आलेला. हा मोठीला द्यायचा, असं आई मला एकटीला म्हणाली होती. एका सकाळी बाबा म्हणाले, "गुंड लहानीले देऊन टाकू. लग्न तिचं हाये." मी बरं म्हटलं. भांडायलाही अंगात त्राण लागतं.

मग रुखवतात त्याच गुंडाची लहान प्रतिकृती करायची, असं मी मनाशी ठरवलं. मातीचा घडला बरा, पण सोनेरी पावडर लावली तर तो नाटकातल्या मुकुटासारखा चमचम करू लागला. बाजारात पाट्या रंगवणारे एक म्हातारे पेंटरभाऊ होते, त्यांना नेऊन दाखवला.

"पुसून टाका हे," ते म्हणाले. "पितळ पिवळं नसते, बाई. त्याच्यात समोरचं दिसते. तेच काढा."

चिंच लावून घासलेला खरा गुंड मी तीन दिवस समोर ठेवला. रंग साधेच, पिवळा, तपकिरी, जवळजवळ काळा. काळ्याला खेटून पांढरा ठिपका दिला की तिथंच लकाकी येते, हे मला तेव्हा कळलं. डावीकडची खिडकी काढली, चुलीचा काळा कोनाडा काढला, पोच्यात वाकडी झालेली गजांची सावली काढली. मधोमध एक लालसर रेघ दिसत होती, ती काय ते बराच वेळ समजेना. मग लक्षात आलं, लाल साडी नेसून मीच समोर बसले होते. तीही काढली.

मांडवात वराकडच्या एका बाईनं तो उचलून नखानं वाजवून पाहिला आणि माती आहे म्हणून हसली. बहिणीनं विचारलं, "ताई, हे लाल काय वं?"

"चुकलं थोडं," मी म्हटलं.

दोन्ही गुंड तिच्याबरोबर गेले.

दोन वर्षांनी ती दिवाळीला आली. बोलता बोलता म्हणाली, "तो मोठा गुंड मोडीत दिला आम्ही. स्टीलची टाकी घेतली. घासू घासू हात दुखून राह्यले होते." तिचा काही दोष नव्हता. तेव्हा घरोघर पितळ जाऊन स्टील येत होतं. पण माझ्या हातातलं काम थांबलं.

"आईनं तो मले ठेवला होता," मी म्हटलं.

ती पांढरीफटक पडली. "मंग तवा बोलली काऊन नाई?"

"थकली होती मी."

रडून झाल्यावर तिनं पिशवीतून फडक्यात बांधलेला मातीचा गुंड काढला. काठाचा टवका उडाला होता, म्हणून माझ्याकडून नीट करायला आणला होता. मी रंग कालवले. काठ तेवढा रंगवायचा होता. खिडकी, कोनाडा, पोचा, सगळं जागच्या जागी होतं, आणि लाल साडीतली मी तशीच गप्प बसलेली होते.

काठ वाळल्यावर बहिणीनं हात पुढे केला.

"हा मले पाह्यजे," मी म्हटलं.

घरात तोंड उघडून मी मागितलेली ती पहिली वस्तू. तीही मातीची.