मंगळूच्या बाटलीतली साखर

आमच्या प्रयोगशाळेत चार डॉक्टर आहेत, पण ताप आला तर एकाचाही उपयोग नाही. मी इथे बावीस वर्षं पत्रं टाइप करतोय. कोण येणार आणि कोण जाणार, हे सगळ्यात आधी मला कळतं.

मंगळू गावित सुरगाण्याचा. भात कापून झालं की त्याच्या घरची माणसं पिंपळगावकडे द्राक्षांच्या कामाला जातात. हा मात्र वाटेत नाशिकलाच थांबला, आमच्याकडे कंत्राटावर लागला आणि सहा वर्षं टिकला. त्याच्याकडे नागलीची, म्हणजे नाचणीची, रोपं होती. मातीत नव्हे, काचेच्या नळ्यांत, पाण्यात वाढवलेली. झाड पानांत साखर तयार करतं आणि त्यातली थोडी मुळांवाटे बाहेर सोडतं. ती किती, हे आमच्या प्रमुख लतिका मॅडमना मोजायचं होतं. सकाळी नळीत स्वच्छ पाणी भरायचं, संध्याकाळी ते बाटलीत काढायचं, यंत्रात आटवायचं. खाली उरलेली भुकटी मॅडमकडे जायची. एक दिवस हे काम मंगळू करी, दुसऱ्या दिवशी तनय. तनय एम.एस्सी. झालेला, घड्याळाचा पक्का.

आकडे आले आणि घोटाळा झाला. तनयच्या दिवशी साखर चिमूटभर, मंगळूच्या दिवशी तिप्पट. रोपं तीच.

मॅडमनी फार विचार केला नाही. मंगळू दिवसातून चारदा गुळाचा चहा पितो, हे सगळ्यांना माहीत होतं.

"हात न धुता नळ्यांना लावत असणार," त्या मला म्हणाल्या. "त्याचं कंत्राट संपतंय ना? वाढवू नका. पत्र तयार ठेवा."

मी ठेवलं. कारण लिहिलं, 'अस्वच्छता'. हा माणूस रोज स्पिरिटने कोपरापर्यंत हात पुसतो, हे मी सहा वर्षं बघत होतो. तरी टाइप केलं, आणि शुद्धलेखनाची एकही चूक होऊ दिली नाही.

पत्र द्यायच्या आधी त्याचा अपराध रंगेहाथ पकडावा, म्हणून मॅडम एक दिवस त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसल्या. साक्षीदार मी. मंगळूने हात पुसले, नळ्या भरल्या. तासाभराने उठला, सगळ्या नळ्यांतलं पाणी बाटलीत ओतलं आणि नवं भरलं. पुढच्या तासाला पुन्हा तेच.

"हे काय चाललंय?" मॅडम म्हणाल्या.

"शिळ्या पाण्यात मूळ कुजतं, मॅडम. म्हणून बदलतो."

"मग जुनं बाटलीत कशाला? बेसिनमध्ये ओतायचं."

मंगळू बावचळला. "पाणी? फेकायचं कसं? आमची आय उन्हाळ्यात दोन हंड्यांसाठी डोंगर उतरते."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तनयलाही दिवसभर तासातासाने पाणी काढायला लावलं. त्याचीही साखर तिप्पट भरली, आणि तनय चहा पीतच नाही.

झालं होतं ते असं. मुळं साखर सोडतात, तशी परत ओढूनही घेतात. पाणी दिवसभर तेच राहिलं की सोडलेल्यातली बरीचशी संध्याकाळपर्यंत पुन्हा मुळांत जाते. तनय उरलंसुरलं मोजत होता. मंगळू मुळांनी परत घ्यायच्या आत काढून घेत होता.

"मुळं लय हुशार," मंगळू म्हणाला. "दिलं तरी ध्यान ठेवून परत नेत्यात."

पेढे वाटले गेले. मॅडमनी सर्वांसमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि "मंगळू, हे तुझं" म्हणाल्या. मी पत्र फाडलं, आणि मला मनापासून हलकं वाटलं.

यावरचा शोधनिबंध परदेशात छापून आला. मॅडमचं नाव होतं, तनयचं होतं. मंगळू शेवटच्या ओळीत 'इतर कर्मचारी' यांत होता. निबंधामुळे नवं यंत्र मंजूर झालं. ते तासातासाने आपोआप पाणी बदलतं आणि चहा पीत नाही.

मग मी तेच पत्र पुन्हा टाइप केलं. कारण तेवढं बदललं, 'पदाची आवश्यकता उरलेली नाही'. आता त्याच्यावर कसलाच ठपका नव्हता.

मंगळूने ते वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. यंत्राच्या मागून एक नळी बेसिनमध्ये सोडलेली होती. तिच्याकडे तो बघत राहिला.

"भाऊसाहेब, हे काय चाललंय तिथून?"

"मोजायला थोडंच लागतं," मी म्हणालो. "बाकीचं जातं."

त्याने कोपऱ्यातली बादली आणून नळीखाली ठेवली आणि चपला घालून निघाला. संध्याकाळी बादली भरली. ती कुणी ओतायची, हे कुणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी ती बाहेरच्या जास्वंदीला घातली. तेवढंच माझ्याच्याने झालं.