तू हो पुढे, येते मी

त्या पहाटे थंडी अशी होती की नळाखाली हात धरला, तर बोटं आपली की दुसऱ्याची तेच कळेना. गल्लीभर धुकं. समोरच्या टेलरबाईच्या दुकानाची पाटीसुद्धा दिसत नव्हती. इस्त्रीवालीनं नेहमीसारखं शटर अर्धं वर केलं, इस्त्री लावली आणि टेबलावरची जाड घोंगडी हातानं सपाट केली. हॉटेलातल्या वेटरांचे पांढरे शर्ट रात्रीच पाणी मारून गुंडाळून ठेवले होते. बाई एकवीस किलोमीटर पळणार आहे म्हणून हॉटेलवाला काही शर्टांवाचून थांबणार नव्हता. कॉलर, खांदा, बाह्या, मग पाठ. हात आपोआप चालले होते.

ढीग अर्ध्यावर आला, तशी टेलरबाई शटरखालून वाकून आत शिरली. दातावर दात वाजत होते.

"अगं, या जाकिटावर जरा इस्त्री फिरव."

"पळायला चाललीयस की लग्नाला?"

"घडी कोण मागतंय? ऊब पाहिजे, ऊब!"

इस्त्रीवालीनं जाकिटावर सुती फडकं टाकलं, नाहीतर त्या प्लास्टिकच्या कापडाची तिथंच चिकी झाली असती. गरम जाकीट अंगात घालून टेलरबाईनं डोळे मिटले. छातीवरचा शर्यतीचा नंबर तिनं इस्त्रीवालीकडून दोरा ओवून घेऊन टाके घालून बसवला होता. त्या नंबराबरोबर चार पिना मिळाल्या होत्या, पण टेलरणीनं पिना लावून रस्त्यावर जायचं म्हणजे शोभा झाली असती! इस्त्रीवालीच्या जाकिटावरचाही नंबर तिनंच शिवून दिला होता.

आतल्या खोलीतून इस्त्रीवालीचा नवरा पांघरुणातूनच ओरडला, "दोघी पळताय, की कुणी मागं लागलंय?"

"तुम्ही लागला असता तर केव्हाच पळाले असते," इस्त्रीवाली म्हणाली.

दोन्ही दुकानं अशी वर्षानुवर्षं समोरासमोर. शिवण टेलरबाईनं घालायची, ती दाबून बसवायची इस्त्रीवालीनं. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश, सगळं गल्ली ओलांडून यायचं आणि जायचं. पण आता टेलरबाईला सुईत दोरा ओवता येत नव्हता. डोळ्यांनी दगा दिला होता. दुकान विकलं गेलं होतं, आणि त्याच दिवशी संध्याकाळी तिची मुलगी गाडी घेऊन येणार होती. आईला आपल्या गावी न्यायला, कायमची. ही शर्यत टेलरबाईच्याच डोक्यातून निघालेली. जायच्या आधी एकदा काहीतरी दोघींचं असं करू, म्हणाली होती. शेवटची रेषा हात धरून ओलांडायची, एवढंच ठरलं होतं.

सुरुवातीच्या गर्दीत सगळी तरणीताठी माणसं. टेलरबाईनं मान उंच करून पाहिलं.

"आपल्या वयाच्या आपण दोघीच."

"मग पहिला-दुसरा नंबर घरातच!"

निम्म्याहून जास्त अंतर चांगलं गेलं. बोलायला दम नव्हता, पण शेजारी पावलांचा आवाज होता. पूल उतरताना मात्र टेलरबाईचा पाय मुरगळला. ती थोडी लंगडली, आणखी थोडी लंगडली, मग कठडा धरून उभी राहिली.

"काय झालं गं?"

"काही नाही. तू हो पुढे, येते मी."

"थांबते की."

"अगं, हो पुढे!" कोंबड्या हाकलाव्या तसा तिनं हात हलवला.

इस्त्रीवाली निघाली. चहाला जातानाही टेलरबाईचं हेच असायचं. हातातला टाका पुरा करायचा असला की 'हो पुढे' म्हणायची, आणि कपात चहा ओतेस्तोवर हजर व्हायची.

शेवटच्या रेषेवर निळी चटई अंथरली होती. तिच्या अलीकडे इस्त्रीवाली थांबली.

"काकू, ओलांडा ना! दोन पावलं राहिलीत!" तिथं शिट्टी घेऊन उभा असलेला स्वयंसेवक म्हणाला.

"मैत्रीण यायचीय."

येणारे येत होते, चटईवर हात वर करत होते. अंगातला घाम गार पडला तशी तिला हुडहुडी भरली. ती उलटी मागे निघाली, तर शिट्टीवाल्यानं परत फिरवली. फुटपाथनं जावं, तर या धुक्यात टेलरबाई दुसऱ्या बाजूनं निघून आली म्हणजे? फोन पिशवीत, आणि पिशवी रेषेपलीकडच्या तंबूत. दुसऱ्याच्या फोनवरून लावावा, तर नंबर पाठ नव्हता. फोनवर टेलरबाईचा फोटो दाबला की लागायचा, एवढंच तिला ठाऊक.

रस्ता रिकामा होत गेला. मागे राहिलेल्यांना गोळा करणारी बस आली. एकेका खिडकीशी जाऊन तिनं चेहरे पाहिले. नव्हती. दवाखान्याच्या गाडीवाल्याला विचारलं, तर त्यानंही अशा कुठल्या बाईला नेलं नव्हतं. तोवर माणसं चटई गुंडाळायला लागली. कुणी तिला रागावलं नाही, कुणी हाकललंही नाही. नुसती बाजूला व्हा म्हणाले. ती बाजूला झाली, आणि तशीच पलीकडे गेली.

तंबूतल्या पिशवीतून फोन काढून तिनं लावला.

"पोचलीस का गं?" टेलरबाईचा आवाज.

"कुठंयस तू?"

"घरी. कधीची! पुलाखालून रिक्षा मिळाली. चहा दोनदा गरम केला तुझ्यासाठी. पाय हा एवढा सुजलाय. पोरीला फोन केला, तर ती वाटेतच होती. आता आल्या आल्या मला दवाखान्यात दाखवायला तिच्या गावीच नेते म्हणतेय. लवकर ये!"

शर्यतीपायी रस्ते बंद होते. बस नाही, काही नाही. लाकडासारखे झालेले पाय ओढत इस्त्रीवाली निघाली. मध्ये थोडं पळून पाहिलं, पण पाय ऐकेनात.

गल्लीच्या तोंडाशी गाडी सुरूच होती. मागच्या सीटवर टेलरबाई पाय लांब करून बसलेली, मांडीवर चहाची किटली.

"मावशी, निघायला हवं, पुढं धुकं दाट आहे," मुलगी म्हणाली.

"तू येते म्हणालीस," इस्त्रीवाली खिडकी धरून म्हणाली. "मी तिथं रेषेवर उभी. चटई गुंडाळली त्यांनी."

टेलरबाई बघतच राहिली. "वेडी का काय! मी निघतानाचं 'येते' म्हणाले गं. घरी जात होते. जाते म्हणायची का मग? भर रस्त्यात, ते पण तुला?" ती खिडकीकडे वाकली. "अख्खी दुपार होती आपल्याकडे. मी वाट बघत होते."

"मीही."

टेलरबाईनं किटलीच्या झाकणात चहा ओतून दिला. कोमट होता. इस्त्रीवालीनं तो एका घोटात पिऊन झाकण परत केलं. मुलीनं हळूच काच वर घेतली. काचेआडून टेलरबाई काही बोलत होती, पण इंजिनाच्या आवाजात ते कळलं नाही. गाडी वळली.

दुकानात नवरा स्टुलावर बसला होता. "हॉटेलवाल्याचा दोनदा फोन येऊन गेला," म्हणाला. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. उठून त्यानंच इस्त्री लावली.

तिनं नंबर शिवलेलं जाकीट काढलं नाही. ढिगातला वरचा शर्ट उचलला. वाळून कडक झाला होता. त्यावर पाणी शिंपडलं, कॉलर घोंगडीवर उलटी पसरली आणि इस्त्री तापायची वाट बघत उभी राहिली.